शेवाळ वेचायला मावळात

लोणावळ्याला चाललेय म्हटलं की लोक लगेच कुठल्या दुकानातली चिक्की आणायची ते सांगतात. शेवाळ आणायला चाललेय म्हटलं की गप्प होतात. आमच्या कॉलेजातल्या शिपाईकाकांनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, सांगलीत शेवाळ मिळत नाही होय? आमच्या हौदात आहे की हवं तेवढं."

त्यांच्या हौदातलं शेवाळ वेगळं. मला हवं होतं ते दगडांवर, झाडाच्या बुंध्यावर, जुन्या भिंतींवर वाढणारं, हात फिरवला तर मांजराच्या पाठीसारखं लागणारं. त्याला खरीखुरी मुळं नसतात. जमिनीतून ते फारसं काही घेत नाही. पाऊस, धुकं आणि धुळीतून वरून जे पडेल त्यावर जगतं. हवेत शिसं असेल तर तेही त्याच्या अंगात साठत जातं. हवा मोजायची यंत्रं महाग, त्यांना वीज हवी, राखण हवी. शेवाळ फुकट, आणि डोंगरावर आधीपासून बसलेलं. म्हणून शेजारशेजारच्या काही देशांतल्या अभ्यासकांनी ठरवलं, की सगळ्यांनी एकाच हंगामात, एकाच पद्धतीने आपापलं शेवाळ गोळा करायचं, तपासायचं, आणि कुणाचा धूर कुणाच्या अंगणात पडतो ते एका नकाशावर मांडायचं. धूर कमी कुणी करायचा याची बोलणी त्यानंतर. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. माझ्या वाट्याला मावळ आला.

पद्धत सगळीकडे सारखीच राहावी म्हणून प्रत्येकाबरोबर दुसऱ्या देशाचा एक माणूस दिला होता. माझ्याबरोबर काठमांडूची बिमला तामांग होती. बुटकी, हसरी, चाळिशीची, आणि चढावर माझ्यापुढे अशी चालणारी की जणू सपाटीवरच आहे. आम्ही हिंदीत बोलायचो. इथे तिचं बोलणं मी मराठीतच देते.

लोणावळा

पाऊस नुकताच उघडला होता. डोंगरांचा हिरवा रंग अजून उतरला नव्हता आणि कडेकडेने सोनकीची पिवळी फुलं पसरली होती. आमचा मुक्काम बाजारापासून जरा आत, जोशीकाकूंच्या लॉजवर होता. काकूंना आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं, की व्हरांड्यात कागदी पिशव्या वाळत ठेवू, त्यांना कुणी हात लावू नये, जवळ उदबत्तीसुद्धा लावू नये. काकू म्हणाल्या, "सोवळ्यातलं आहे म्हणा की." तेव्हापासून लॉजमध्ये त्या पिशव्यांना सोवळं हेच नाव पडलं.

खरोखरच सोवळं होतं. शेवाळ उचलताना हातमोजे घालायचे, लोखंडाची सुरी वापरायची नाही, आसपास कुणी विडी ओढायची नाही. आणि सगळ्यात अवघड अट, जागा मोठ्या रस्त्यापासून, रेल्वेपासून, घरांपासून लांब हवी. पहिला दिवस आम्ही ती जागा शोधण्यात घालवला. झाडी छान दिसली की पलीकडून मालगाडीची शिट्टी यायची. खडक छान दिसला की त्यामागे कुणाचातरी बंगला निघायचा. आमचा जीपवाला अशोक कामशेतचा. तो संध्याकाळी म्हणाला, "मॅडम, रस्त्यापास्नं लांब जायचं तर मावळाच्या भायेर जायला लागंल."

त्या संध्याकाळी आम्ही बाजारात गेलो. शेंगदाण्याची चिक्की तोंडात टाकून बिमला म्हणाली, "हे तर आमच्या चाकूसारखं. माघात आम्ही चाकू खातो." दुकानदाराचा हात वजनाच्या काट्यावर तसाच राहिला. मग कळलं की उसाचा रस आटवून केलेल्या गुळाच्या चिवट वड्यांना नेपाळात चाकू म्हणतात. दुकानदाराने खुशीत येऊन तिला काजूचीही चव दिली आणि पुढचे सगळे दिवस आम्ही दिसलो की हाक मारायचा, "काय, चाकू खायला आलात का?"

खंडाळा

दुसऱ्या दिवशी खंडाळ्याच्या बाजूला, दरीच्या कडेने बरंच चालून गेल्यावर एक जागा सापडली. खाली दरीत ढग भरलेले, समोर डोंगराची धार तेवढी वर निघालेली. बिमलाची गुडघ्यांवर बसून शेवाळ उचलायची पद्धत बघण्यासारखी होती. एका जागचं सगळं घ्यायचं नाही. थोडं इथलं, थोडं तिथलं, आणि प्रत्येक वेळी जिथून घेतलं तिथे तळवा क्षणभर टेकवायचा. मी विचारलं तर म्हणाली, "सवय आहे. आई गवत कापताना करायची."

आम्ही पाच पिशव्या भरल्या आणि डबा उघडला. तेवढ्यात माकडं आली. जोशीकाकूंनी दिलेल्या पुऱ्या मी पोटाशी धरल्या, आणि एका मोठ्या नराने शांतपणे येऊन शेवाळाची पिशवी उचलली. झाडावर बसून त्याने ती सोडली, एक घास घेतला, आणि आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी जन्मात विसरणार नाही. उरलेलं त्याने दरीत टाकून दिलं. बिमला हसून हसून खाली बसली. "लिहून टाक," म्हणाली, "एक नमुना स्थानिक तज्ज्ञांनी नाकारला."

पुढचा दिवस गुरुवार. अशोकला शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला जायचं होतं, म्हणून आम्ही पिशव्यांना वारा देत व्हरांड्यात बसून राहिलो. शुक्रवारी पवन मावळ केला. धरणाच्या वरच्या अंगाला भातं पिवळी पडायला लागली होती, आणि इंद्रायणी जातीच्या शेताजवळून जाताना भात शिजल्यासारखा वास येत होता. आमच्याकडे कृष्णाकाठी मैलोगणती ऊस, त्याला असा वास नसतो. तिथे काम सुरळीत झालं. प्रवासातल्या सुरळीत दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही उरत नाही, म्हणून पुढे जाते.

आंदर मावळ

या गावाचं नाव मी सांगणार नाही. कारण पुढे कळेल.

अशोकच्या मेहुण्याचं हे गाव. तिथे डोंगराच्या खांद्यावर देवीची राई आहे, आणि तिच्यातून वाळकी काडीसुद्धा कुणी बाहेर नेत नाही, असं तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. रस्त्यापासून लांब, घरांपासून लांब, पिढ्यान् पिढ्या कुणी हात न लावलेली जागा. आम्हाला याहून चांगलं काय मिळणार?

मेहुण्याचे वडील सोपानभाऊ गावात वजनदार माणूस. पूर्वी सरपंच होते, भाताची शेती, दारात दोन म्हशी. पांढरी टोपी, रुंद खांदे, बोलणं सावकाश. बिमलाने जीपमधून उतरून हात जोडले आणि "नमस्ते, दाजु" म्हणाली. ओसरीवरच्या सुमनवहिनी, म्हणजे सोपानभाऊंच्या पत्नी, पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

"दाजु म्हणजे मोठा भाऊ," मी घाईने सांगितलं. "नेपाळीत."

"असू द्या," सोपानभाऊ गंभीरपणे म्हणाले. "पर आमच्यात दाजी म्हंजी बहिणीचा नवरा. आता हिच्याकडं बहिणीचा मान आला. जेवल्याबिगर सोडायचं न्हाई."

राईचं मात्र जेवणाइतकं सोपं नव्हतं. पारावर चार जाणती माणसं जमली. त्यांच्यातले सगळ्यात म्हातारे आबा म्हणाले, "लाकूड न्हाई, पान न्हाई, शेवाळ म्हन्ता. पर हाय ते तिचंच ना?"

मी हवेबद्दल, देशादेशांबद्दल सांगायला लागले. ते ऐकून घेतलं, पण कुणाची मान हलली नाही. मग बिमलाने हिंदीत आपलंच सांगितलं. तिच्या आईचं गाव डोंगरात उंचावर आहे. तिथे कारखाना नाही, गाडीरस्तासुद्धा अलीकडे आलेला. तरी तिथल्या शेवाळात शिसं सापडलं. "आईने विचारलं, कुठून आलं? मी दक्षिणेकडे हात केला. खालच्या सपाटीवरून, वाऱ्याबरोबर. कुठला धूर, कुणाचा धूर, ते कळायला मार्ग नाही. मधे सरहद्द. आई म्हणाली, मग जाऊन सांग त्यांना. आता कुणाच्या दारात जाऊन सांगू?"

दक्षिणेकडे म्हणजे आपल्याकडे, हे सगळ्यांना कळलं होतं. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं.

आबा म्हणाले, "एवढंच न्या. पर काय निगालं ते हितं राईत यून तिला सांगायचं. तिची वस्तू, तिला पयलं कळाया पायजे."

मी हो म्हटलं. त्या वेळी ते मला नुसतंच गोड वाटलं होतं.

राईत शिरलो तर बाहेरचं ऊन एकदम मागे राहिलं. वेली मांडीएवढ्या जाड. शेंदूर लावलेला एक दगड, वर छप्पर नाही. आम्ही चपला काढून गेलो आणि परत येताना दोघींच्याही पायांना जळवा होत्या. सोपानभाऊंनी त्यांवर चुना लावला. परतीच्या वाटेवर थांबून त्यांनी छाती भरून श्वास घेतला. "बघा. हितली हवा म्हंजी लय ब्येस. पुण्यामुंबईची मान्सं पैका देत्यात आसल्या हवंला."

उतरताना खाली ओढ्याच्या काठी एक लांबट शेड दिसली. पत्रे काळवंडलेले, दाराला कुलूप. ओढ्यात काळ्या प्लास्टिकची रिकामी खोकी अडकली होती. बिमला थांबली. मीही थांबले.

"पोल्ट्री होती माझी," सोपानभाऊ म्हणाले. "कोंबड्यांचं काय जमंना. आता एक भायेरचा मानूस भाड्यानं घेतोय. जुन्या बॅटऱ्या ठिवतो."

"नुसत्या ठेवतो का वितळवतो, भाऊ?"

"त्याचा धंदा. आपन कशाला इचारा?" आणि ते पुढे चालू लागले.

जेवायला खेकड्याचा रस्सा होता, तांदळाची भाकरी आणि नाचणीचीही. नाचणी बघून बिमलाचे डोळे भरले. त्यांच्याकडे नाचणीच्या पिठाचा दाट ढिंडो करतात, आणि तो बोटांनी तोडून रश्शात बुडवून गिळतात. सुमनवहिनींनी लगेच नाचणीचं पीठ शिजवायला घेतलं. सोपानभाऊंचा नातू सोहम, अंगणवाडीत जाणारा, बिमलाच्या मांडीवर येऊन बसला. गोड पोर, पण मलूल. भाकरीचा तुकडा हातात धरून तो नुसता बसून होता. "खात न्हाई," वहिनी म्हणाल्या. "पोट दुकतंय म्हन्तो. अन् नजर चुकवून माती खातोय." बिमलाने माझ्याकडे पाहिलं. शिशाबद्दल जे जे आम्ही वाचलं होतं ते दोघींच्याही डोक्यात एकाच वेळी आलं असणार. पण पोटं तर कितीतरी कारणांनी दुखतात, आणि आम्ही डॉक्टर नव्हतो. मी काही बोलले नाही. तो रस्सा फार चवदार होता, आणि मला तो नीट गेला नाही.

दुपारी निघताना अंगणवाडीच्या सेविका अलकाताई कांबळे रस्त्यात उभ्या होत्या. त्यांनी चहाला घरी नेलं. स्वच्छ, निळ्या भिंतींचं दोन खोल्यांचं घर, समोर बुद्धाची लहान मूर्ती. बिमलाने मूर्तीपुढे डोकं टेकवलं, तशा अलकाताई चकित झाल्या.

"तुम्ही पण आमच्यातल्या?"

"आम्ही पण बौद्ध. तुम्ही कधीपासून?"

"माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. तुमच्यात कधी घेतली?"

बिमला विचारात पडली. "ते आमच्याकडे कुणालाच माहीत नाही."

अलकाताई हसल्या. लुंबिनीला जायचं त्यांच्या फार मनात आहे म्हणाल्या. बिमलाने तिथला दिवस कसा उजाडतो ते सांगितलं, झेंड्यांच्या माळा, पिंपळ, आणि हिवाळ्यात सूर्य न दिसू देणारी धुरकट हवा. मग अलकाताईंनी कप खाली ठेवला.

"मॅडम, माझ्या अंगणवाडीच्या मागच्या भिंतीवर पण शेवाळ आहे. ते नेता का? शेड तिथून जवळ आहे. पहाटे आंबट वास येतो, खिडक्या लावून घ्याव्या लागतात. पोरं आजारी पडतात. मी सोपानभाऊंशी दोनदा बोलले, तर म्हणाले, बाईला आपल्या वस्तीजवळ आहे म्हणून खुपतंय."

नकाशाच्या नियमात ती भिंत बसत नव्हती. घराला लागून, शेडला लागून. मी तसं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बिमलाने हातमोजे घातले.

सांगली आणि काठमांडू

बिमला परत गेली. जाताना तिने जोशीकाकूंना रुद्राक्ष दिला आणि काकूंनी तिला चिक्की बांधून दिली. नमुने प्रयोगशाळेत गेले. दिवाळी झाली, परीक्षा झाल्या, आणि थंडीत आकडे आले.

पवन मावळ ठीक होता. खंडाळा थोडा जास्त, तिथे गाड्यांची वर्दळ, ते अपेक्षितच होतं. राईच्या शेवाळात मात्र शिसं होतं, आणि खंडाळ्यापेक्षा कितीतरी जास्त. अंगणवाडीच्या भिंतीचा आकडा बघून मी प्रयोगशाळेला फोन करून पुन्हा तपासायला लावलं. पुन्हा तोच आला.

आमच्यात ठरलं होतं, की सगळ्या देशांचे आकडे हाती येऊन नकाशा पुरा होईपर्यंत कुणी काही जाहीर करायचं नाही. नियम बरोबरच होता. एक जण अर्धवट काही बोलला की दुसरा देश बिथरतो. मी बिमलाला फोन लावला आणि हे सगळं सांगितलं.

"तू त्या पारावर शब्द दिला होतास," ती म्हणाली. "आणि तुझं नशीब चांगलं आहे. माझ्या आईच्या गावाला दार सापडत नाही. तुला सापडलंय. चालत जाता येतं तिथपर्यंत."

मी या अभ्यासाच्या मुख्य कार्यालयाला लिहिलं. त्यांनी विचार करायला वेळ घेतला आणि कळवलं, की गावाला गावाचं सांगायला हरकत नाही. मी अशोकला फोन केला.

पुन्हा आंदर मावळ

भात झोडून झाला होता. शेतात धसकटं, अंगणात पेंढ्याच्या गंजी, आणि सकाळचं ऊन हवंसं वाटणारं. सोपानभाऊंनी हसून स्वागत केलं, बहीण कुठे आहे विचारलं. मी म्हटलं, "भाऊ, आधी राईत जाऊ. सांगायचं आहे."

आबा आले, आणखी दोघे आले, आणि मी निरोप दिला होता म्हणून अलकाताईही आल्या. आम्ही चपला काढल्या. शेंदराच्या दगडासमोर उभी राहून मी सांगितलं. देवीसमोर सांगायचं म्हणून असेल, वर्गात बोलते तसं बोलता येईना. तुझ्या शेवाळात शिसं सापडलंय, एवढंच म्हटलं. जुन्या बॅटऱ्यांत शिसं असतं, त्या वितळवल्याचा धूर खालून ओढ्याकडून वर येतोय. अंगणवाडीच्या भिंतीवर इथल्यापेक्षाही जास्त आहे. पोरांच्या अंगात गेलं असेल तर पोट दुखतं, भूक मरते, बुद्धीवर परिणाम होतो. रक्त तपासल्याशिवाय कळणार नाही.

सोपानभाऊ दगडाकडे बघत होते. मग ते माझ्याकडे वळले, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "बाई, तुमी माझं खाल्लं. माझ्या घरात बसल्या. अन् हितं चार मान्सांत मला..."

"तुमच्याशी एकट्याशी बोलले असते, भाऊ. पण शब्द इथे सांगायचा दिला होता."

"घरी जा म्हना हिला," ते अशोकला म्हणाले आणि एकटेच उतरून गेले.

आम्ही मागोमाग गेलो. खाली ओसरीवर सुमनवहिनी सोहमला घेऊन बसल्या होत्या. पोर अंगावर रेलून निजलं होतं, ऐन सकाळी. भाऊ अंगणात उभे होते. त्यांनी पोराकडे बघितलं, मग ओढ्याच्या दिशेने बघितलं. बरोबर मधोमध त्यांचं शेत होतं. मला वाटलं, आता हाकलून देतील.

ते म्हणाले, "अलके, ह्याचं रगत तपासायचं तर काय करायचं?"

त्याच दिवशी अशोकच्या जीपमधून सोहमला पुण्याला नेलं. अलकाताई पुढे बसल्या होत्या, भाऊ मागे पोराला मांडीवर घेऊन. मी त्यांच्या शेजारी. घाट नाही, वळणं नाहीत, सरळ रस्ता, तरी पोर दोनदा ओकलं. भाऊंनी आपल्या टोपीने त्याचं तोंड पुसलं.

शिसं निघालं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावून सांगितलं, की वेळेत आलात, आधी त्याला त्या धुरापासून, त्या मातीपासून लांब करा, लोह वाढेल असं खायला घाला, आणि ठरलेल्या वेळी पुन्हा तपासायला आणा. अलकाताईंनी मग अंगणवाडीतल्या सगळ्या मुलांची तपासणी करवून घेतली. बऱ्याच जणांत कमीजास्त निघालं. शेडला लागून राहणाऱ्या एका मुलीला पुण्याला काही दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. ती आता घरी आहे. सोहम जेवायला लागला आहे, पण पुढे त्याच्या अभ्यासावर काय राहील हे आत्ता कुणीच सांगू शकत नाही.

शेडमधल्या त्या भट्टीवाल्याला भाऊंनी स्वतः जाऊन निघायला सांगितलं. तो भांडला नाही. आपली कढई, आपला माल टेम्पोत भरून निघून गेला. अंगणवाडी देवळाच्या खोलीत हलवली, शेडभोवतीची माती काढायचं काम सुरू झालं. मला वाटलं, संपलं.

धारेपलीकडे

शिमग्याच्या सुमारास भाऊंचा फोन आला. "ताई, तो धारंच्या पल्याड गेलाय. तिकडच्या गावात. वीटभट्टीची जुनी शेड घेतलीया. मी जाऊन सांगतो. तुमी येता?"

मी गेले. तिथे भट्टी पेटली नाही, हे आधीच सांगून टाकते. पण ते त्या दिवशी आम्हाला ठाऊक नव्हतं.

जीप खिंडीपर्यंतच जात होती. पुढे भाऊ, अलकाताई आणि मी पायी उतरलो. त्या बाजूला गाव लहान, आंबे मोहरलेले. शेडचा मालक विष्णू, पस्तिशीतला, कंपनीत कामाला जाणारा. सुट्टी म्हणून घरी होता. त्याने पाणी दिलं, पण आमचं ऐकून घेतल्यावर त्याचा चेहरा बंद झाला.

"भाऊ, तुमच्याकडं होता तवा तुमी भाडं खाल्लं. आता माझी पाळी आली तर चालत सांगाया आलात?"

"व्हय," भाऊ म्हणाले. "खाल्लं."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. अलकाताई काही बोलायला निघाल्या, त्यांना भाऊंनी हातानेच थांबवलं.

"माझा नातू हाय, सोहम. चार वर्साचा. त्याच्या रगतात सापडलं. हवंनं गेलं, मातीनं गेलं, त्याला माझ्याच कडंवर घिऊन मी त्या शेडकडनं रोज फिरवीत हुतो. मला कुनी सांगाया आलं न्हाई असं म्हनू शकत न्हाई, ही अलका दोनदा आलती. मी ऐकलं न्हाई. तू ऐकावं असं माझं म्हननं न्हाई. पर मला माहीत असून मी आलो न्हाई, असं नको."

विष्णूच्या घरात कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती, कडेवर वर्षा-दीड वर्षाची मुलगी. मुलीच्या हातात आंब्याचा मोहोर होता आणि ती तो तोंडात घालू बघत होती. बायकोने तो काढून घेतला.

"भट्टी लावलीया का अजून?" अलकाताईंनी विचारलं.

"न्हाई. माल टाकलाय. उद्या-परवा लावनार हुता."

"मग काही झालेलं नाही," अलकाताई म्हणाल्या. "अजून काहीच झालेलं नाही."

विष्णू उठला. आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात किल्ली होती. ती त्याने पुढे केली नाही, नुसती मुठीत धरून तो भाऊंसमोर खाली बसला, आणि थोड्या वेळाने त्याने विचारलं, "पोरगं जेवतंय का आता?"

"जेवतंय," भाऊ म्हणाले. "काल दीड भाकरी खाल्ली."